अनंतरावांचे बारा हजार किलोमीटर

“काका, वर्षाला गाडी किती चालेल?” शोरूममधल्या मुलीनं विचारलं.

“बारा हजार किलोमीटर!” अनंतरावांनी छाती फुगवून सांगितलं.

शेजारी बसलेल्या विनीताताईंना ठसका लागला. “अहो, काय थापा मारून राहिले तुम्ही? भाजी, दवाखाना अन् वर्षातून एकदा लातूर. चार हजार बी लई झाले.”

पण पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या अनंतरावांना विजेच्या गाडीनं येड लावलं होतं. गाडी वर्षाच्या करारानं भाड्यानं मिळणार होती. सांगाल तेवढे किलोमीटर भाड्यात धरलेले. वापरले नाहीत तर बुडाले. अनंतरावांनी सही ठोकली. बाहेर येताच विनीताताईंनी अट घातली, “बारा हजार झाले न्हाईत, तर वर्षाच्या शेवटी गाडी परत. मग ऑटोनं फिरायचं.”

सहा महिने गाडी नांदेडातच घुटमळली. काटा दोन हजारांच्या पुढं सरकेना. गाडीत बसलं की अनंतरावांना कॉलेजात असल्यासारखं वाटायचं. ती जाणार या विचारानं त्यांना जेवण गोड लागेना.

मग त्यांना नातेवाईक आठवले. ज्यांच्या लग्नाला कधी तोंड दाखवलं नव्हतं, त्यांच्या घरी ते जावळाला, बारशाला, नुसतं चहालासुद्धा जाऊ लागले. किनवटला साडूच्या मेव्हण्याची वास्तुशांत गाठली. अख्ख्या गल्लीला आळीपाळीनं माहूरचं दर्शन घडवलं. मुखेडला तर दर आठवड्याला फेरी.

“अनंता, माझ्या पोराच्या लग्नाला न्हाई आलास, अन् आता दर बाजारच्या दिवशी येऊन राहिलास?” मुखेडच्या गंगम्मा आत्या डोळे पुसत म्हणाल्या.

“जीव ओढ घेतो, आत्या!”

आत्यांनी पाठीवरून हात फिरवला, तेव्हा किलोमीटर मोजत आलेल्या अनंतरावांनाही खरंच भरून आलं. परतताना ते विनीताताईंना म्हणाले, “आपण आधीच यायला पाहिजे होतं गं.”

लातूरचा चुलतभाऊ शेषेराव तर गाडीवर लट्टूच झाला. अनंतराव गेले की तो आधी गाडीभोवती चक्कर मारी, मग पाणी विचारी.

कराराच्या शेवटच्या दिवशी लातूरहून येताना, लोह्याच्या अलीकडं काटा बारा हजारांवर गेला. अनंतरावांनी भर रस्त्यात हॉर्न वाजवला. विनीताताईंनीही हसून टाळ्या पिटल्या. “जिंकलात बाई तुम्ही!”

दुसऱ्या दिवशी अनंतरावांनी नवा करार केला. आता पंधरा हजार! सही वाळते न वाळते तोच आत्यांचा फोन आला.

“अनंता, वर्षभर तूच आलास. आता फिटंफाट करायची म्हणून आम्हीच येऊन राहिलो. मी, किनवटवाले, सगळेच. यंदा तू घराबाहेर पाऊल टाकायचं न्हाई.”

“अहो, मी न्यायला येतो ना! मुखेडहून किनवट, किनवटहून नांदेड…” अनंतरावांचे डोळे चमकले.

“कशाला? शेषेराव आणून राहिलाय आमाला. त्यानं बी तुला न सांगता तुझ्यासारखीच गाडी घेतलीय. वर्षाला वीस हजार सांगून बसलाय, अन् गाडी लातूरच्या बाहेर निघंना म्हणे.”