पाहुणे आले की कॅमेरा पाहुण्यांवर

माझ्या नजरेतून काही म्हणजे काही सुटत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. वराळ्याजवळच्या एका कंपनीत मी बावीस वर्षं क्वालिटीला आहे. नटाच्या आट्यात केसाएवढा फरक असला तरी तो नट मी बाजूला काढतो. आणि सुट्टीच्या दिवशी हीच नजर घेऊन आमच्या भाजे गावात टेनिस बॉलच्या मॅचला अंपायर म्हणून उभा राहतो. भात कापून झालं की खाचरं मोकळी होतात, चार बांध सपाट केले की ग्राउंड तयार, आणि मग शिमग्यापर्यंत गावाला दुसरा विषय नसतो.

तर ह्या वर्षी मी ठरवलं होतं, अंपायरच्या चुकांचा वाद कायमचा मिटवायचा. रिप्ले आणायचा! टीव्हीवर असतो तसा थर्ड अंपायर, मोठा पडदा, सगळं. एकालाही तोंड उघडायला जागा ठेवणार नाही, असं मी पारावर चार माणसांत बोललो. बोलायला काय जातंय?

हे सगळं कशापायी, तर मेहुण्यापायी. महिपतीभाऊ म्हणजे आमच्या सविताचे थोरले भाऊ. तिचं माहेर आणि सासर एकाच गावात, मधे फक्त एक ओढा. भाऊ म्हणजे एके काळचा मावळातला वाघ. त्यांचा एक सिक्सर मळवलीला उभ्या असलेल्या मालगाडीत पडला आणि चेंडू दौंडला जाऊन उतरला, असं अजून सांगतात. मी तेव्हाही अंपायर होतो, चेंडू ओढ्यात पडला होता. पण ते आता कोण ऐकतंय.

भाऊ आता एकोणपन्नास वर्षांचे आहेत. गेल्या वर्षीच्या फायनलला ते पळताना वीतभर कमी पडले, मी बोट वर केलं आणि चषक वराळ्याला गेला. त्या दिवसापासून भाऊ माझ्याशी बोलायचे बंद झाले. मी समोरून आलो की ते डोंगराकडं बघत उभे राहायचे, आणि आमच्याकडं डोंगरांना काही तोटा नाही. वर्षभर बिचाऱ्यांनी लोहगड आणि विसापूर पाठ केले.

तेही मी सोसलं असतं. पण आमच्या सृष्टीचं लग्न ठरलं. आमच्यात नवरीला मांडवात मामा घेऊन येतो. अंतरपाटाशी ती उभी राहते तेव्हा तिच्या पाठीशी मामा उभा असतो. बाप कितीही मोठा अंपायर असला तरी त्या जागेवर त्याचा हक्क नाही. आणि सृष्टीला मामा एकच.

पत्रिकेला कुंकू लावून आम्ही नवराबायको ओढा ओलांडून गेलो. भाऊंनी पत्रिका घेतली, आपलं नाव बरोबर छापलंय का बघितलं, आणि मी शेजारी बसलेला असताना सविताला म्हणाले, "दाजींना सांग, ह्या वर्षीची फायनल माझी शेवटची. रिप्ले लावणार म्हणत्यात ना? पडदा म्हणंल ते मी ऐकंन. पण नुसत्या बोटावर मला पुन्हा आउट दिला, तर पोरीला मांडवात त्यांनीच आणावी."

घरी यायला आम्ही निघालो. ओढ्याच्या मधोमध थांबून सविता एवढंच म्हणाली, की माझ्या पोरीच्या पाठीशी दादा उभा नसंल, तर मांडवात तुमीबी दिसू नका. पंचवीस वर्षांच्या संसारात मी तिचे बरेच निर्णय बघितलेत. त्यावर अपील नसतं.

गावात मात्र दोन तट पडले. दत्तोबा आबा स्पर्धेचे अध्यक्ष. त्यांचं म्हणणं, पंचाचं बोट म्हणजे देवाचं बोट, ते चुकलं तरी बरोबर. तरणी माणसं म्हणायची, रिप्ले पाहिजेच, आणि भाऊंनी आता बॅट खुंटीला लावली पाहिजे. लेण्यांच्या वाटेवर मक्याची कणसं भाजून विकणाऱ्या मुक्ताबाई दोन्ही बाजूंची टर उडवायच्या. त्या एकही मॅच चुकवत नाहीत. त्या म्हणाल्या, "आउट झाल्याला मानूस आपुन आउट झालोय हे कधी बघतच न्हाई. पडदा लावा न्हाईतर आरसा लावा."

पडदा लावला. त्यासाठी गेणू फोटोवाला धरला. गेणूनं वीस वर्षं मावळातली लग्नं काढलीत, सृष्टीच्या लग्नाची ऑर्डरही त्याचीच. दोन कॅमेरे, एक लॅपटॉप आणि वरातीत लावतात तसला भलामोठा एलईडी पडदा. कॅमेरे त्यानं ग्राउंडच्या कडेला घातलेल्या मांडवाच्या उंच माचीवर लावले, तिथून सगळं ग्राउंड दिसायचं. बॅट्समन पळाला की स्टंपवर कॅमेरा ठेवायचा, दुसरीकडं हलवायचा नाही, हे मी त्याला दहा वेळा बजावलं. गेणू म्हणाला, काळजीच करू नका, फक्त आपला एक नियम आहे, पाहुणे आले की कॅमेरा पाहुण्यांवर. एका लग्नात वरपक्षाचे थोरले पाहुणे व्हिडिओत आले नाहीत म्हणून गेणूला जेवणाच्या पंगतीतून उठवलं होतं. तेव्हापासून त्यानं हा नियम केलाय. मी मान डोलावली, कारण माझं लक्ष पडद्याकडं होतं.

सेमीफायनलला रिप्ले पहिल्यांदा वापरला. फील्डरचा पाय दोरीला लागला का, हा प्रश्न होता. गेणूनं बटण दाबलं आणि पडद्यावर फील्डर हळूहळू पळू लागला. पण गेणूचा लॅपटॉप पडला लग्नातला! स्लो मोशन म्हटलं की तो आपोआप गुलाबाच्या पाकळ्या टाकतो आणि सनई लावतो. पाकळ्यांच्या पावसात, सनईच्या सुरात फील्डरचा पाय अलगद दोरीवर पडला. सगळ्या गावानं बघितलं. चौकार. बघायला आलेल्या वराळ्याच्या माणसांनीसुद्धा माना डोलावल्या. दत्तोबा आबांनी डोळे पुसले. त्यांना त्यांचं लग्न आठवलं म्हणे.

माझी छाती एवढी फुगली की शर्टाचं बटण तुटलं. सविता ते लावून देताना पहिल्यांदाच बरं बोलली.

मग फायनल आली. रविवारचं ऊन, समोर पुन्हा वराळे, आणि लग्नाला बरोबर आठ दिवस. शेवटचा एक चेंडू, जिंकायला एक रन, आणि स्ट्राइकला महिपतीभाऊ! बरोबरी झाली तर चषक गेल्या वर्षीच्या विजेत्यांकडं, म्हणजे वराळ्याकडंच राहायचा. मी बोलरच्या टोकाला स्टंपामागं उभा. पळून त्यांना माझ्याकडंच यायचं होतं. बायकांच्या बाजूला सविता सृष्टीचा हात धरून उभी होती. ती मॅच बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती.

आणि नेमकी तेव्हाच पाहुण्यांची गाडी आली. कोण पाहुणे ते विचारू नका, मलाही अजून नीटसं माहीत नाही. पांढरे कपडे होते एवढं खरं. मॅच थांबवली असती तर ऊन गेलं असतं, म्हणून दत्तोबा आबांनी ठरवलं की सत्कार दोरीजवळच उरकू, खेळ चालू द्या. शाल निघाली, नारळ निघाला. तिकडं बोलर धावत सुटला. भाऊंनी चेंडू मिडऑफला ढकलला आणि पळाले. आणि त्याच क्षणी लाउडस्पीकरवर आवाज आला की आपले पंच माऊलीशेठ यांनाही पाहुण्यांचा नमस्कार.

आता मला सांगा, मोठा माणूस नमस्कार करतोय आणि आपण पाठ करून उभं राहायचं, असे संस्कार आहेत का आपले? मी वळलो. दोन्ही हात जोडले. चांगला कमरेतून वाकलो.

मागं काड्कन आवाज झाला. वळून बघतो तर स्टंप आडवे, आणि भाऊ माझ्या शेजारून पुढं गेलेले. वराळ्याची अकरा माणसं माझ्या अंगावर ओरडत होती, आमची अकरा त्यांच्या अंगावर. आणि मी, केसाएवढा फरक ओळखणारा, मला काहीसुद्धा दिसलं नव्हतं.

बोट वर करायचं का नाही, मलाच कळेना. पण मग आठवलं, रिप्ले आहे की! मी मोठ्या रुबाबात दोन्ही हातांनी हवेत चौकोन काढला. भाऊंनीही मान हलवली, पडदा म्हणंल ते.

गेणूचा चेहरा तेवढ्यात पडला होता. दोन कॅमेरे होते, एक पाहुण्यांच्या चेहऱ्यावर आणि दुसरा शालीवर.

पडद्यावर पाहुणे आले. पाकळ्या पडू लागल्या, सनई वाजू लागली. शाल खांद्यावर चढली. आणि पाहुण्यांच्या मागं, दूर ग्राउंडमध्ये, सगळ्या गावाला मी दिसलो. चेंडूकडं पाठ, हात जोडलेले, आणि तोंडभर हसू! माणसं इतकी हसली की मुक्ताबाईंची टोपली कलंडली. मी हसत नव्हतो हो, डोळ्यावर ऊन होतं. पण ते ऐकायला कोणाला वेळ नव्हता.

मग हसणं हळूहळू थांबलं. कारण पाहुण्यांचा कान आणि नारळ यांच्या मधल्या फटीत, माझ्याही मागं, आणखी एक माणूस दिसत होता. महिपतीभाऊ. अर्ध्या पिचपर्यंत ते पळाले. मग त्यांचा हात कमरेवर गेला. दोन पावलं ते चक्क चालले. स्टंप उडाले तेव्हा ते चांगले दोन बॅटी लांब होते.

सगळ्या माना पडद्यावरून माझ्याकडं वळल्या. फक्त सनई तेवढी वाजत होती.

निर्णय मला द्यायचा होता. नीट दिसत नाही म्हटलं असतं तर आमचं गाव नाचलं असतं, चषक आला असता, आणि पोरीला मामा मिळाला असता. मी सविताकडं बघितलं. तिनं मान खाली घातली होती. सृष्टी तेवढी माझ्याकडं बघत होती. बोट वर करावं म्हटलं तर हात छातीच्या पुढं जाईना, आणि नॉटआउट म्हणायला जीभ उचलेना. आठ दिवसांनी त्या पोरीच्या मागं मोकळी जागा असणार, एवढंच डोळ्यापुढं येत होतं. खरं सांगतो, मला रडू फुटायचंच बाकी होतं.

भाऊ पडद्याजवळ गेले. गेणूला म्हणाले, पुन्हा लाव. पुन्हा पाकळ्या, पुन्हा शाल. भाऊ मान वर करून बघत राहिले. त्या पडद्यावरच्या कमरेवर हात ठेवलेल्या माणसाकडं त्यांनी असं बघितलं, जसं बऱ्याच वर्षांनी भेटलेल्या कुणाकडं बघावं. मग बॅट काखेत मारली आणि सरळ माझ्यापाशी आले.

"करा बोट वर," ते म्हणाले. "आउट हाय मी."

मी बोट वर केलं. वराळेकरांनी गुलाल उधळला, त्यातला अर्धा आमच्या दोघांच्या अंगावर पडला.

"गेल्या वर्षीबी आउटच होतो, दाजी," भाऊ हळूच म्हणाले. "मला तवाच ठावं होतं."

"मग वर्षभर बोलला का न्हाईत?"

"आउट दिला म्हून न्हाई. बोट वर करताना तुमी हसला म्हून."

मी शपथेवर सांगितलं, हसलो नाही, ऊन होतं, माझं तोंडच तसलं आहे, आत्ता पडद्यावर बघितलंत ना. भाऊंनी माझ्या तोंडाकडं बराच वेळ बघितलं. मग शर्टाच्या बाहीनं गुलाल पुसत विचारलं, "हळद शनिवारी हाय ना? मी शुक्रवारीच येतो."

मला एकदम इतकं हलकं वाटलं, की मी तिथंच स्टंपांवर बसलो. त्यातला एक उभा होता हे नंतर कळलं.

लग्न झकास झालं. भाऊंनी फेटा बांधून सृष्टीला मांडवात आणलं आणि खांबासारखे तिच्या पाठीशी उभे राहिले. गेणूला मी हजार वेळा सांगितलं होतं, आज कितीही मोठा पाहुणा येवो, कॅमेरा नवरानवरीवर. तो हो हो म्हणाला होता. पंधरा दिवसांनी व्हिडिओ आला. दुपारी आम्ही सगळे टीव्हीपुढं बसलो, भाऊही होते. मंगलाष्टका संपत आल्या, भटजींनी सावधान म्हटलं, आणि पडद्यावर एक पांढऱ्या कपड्यातले गृहस्थ आले. शाल. नारळ. पाकळ्या. तोवर तिकडं हार घालून झाले होते.

सविता गेणूच्या सात पिढ्या काढू लागली. पण भाऊंनी हात वर करून टीव्ही थांबवायला लावला. पाहुण्यांच्या कानामागं, कोपऱ्यात, सृष्टीच्या पाठीवर हात ठेवलेले भाऊ दिसत होते. आणि त्यांच्या बाजूला मी, बत्तिशी काढून.

"दाजी, हितं तुमी हसताय का रडताय?"

"रडतोय, भाऊ. हमसून हमसून रडतोय."

सृष्टीनं सांगितलं, सविताही म्हणाली, व्हय, त्या टायमाला ह्यांचा रुमाल पिळून काढायला लागला. भाऊ टीव्हीच्या अगदी जवळ गेले, निरखून बघितलं, आणि परत येऊन माझ्या शेजारी बसले. वर्षभर उगाच मनात धरलं म्हणाले. मग स्वतःकडं बघून त्यांनी एक बोट वर केलं, स्वतःलाच आउट दिलं आणि सविताकडं चहा मागितला.

आता तुम्ही घरचे म्हणून सांगतो. गेल्या वर्षी मी हसलो होतो. थोडंसंच. बावीस वर्षं क्वालिटीत काढली, तरी गाव मला महिपतीचा दाजी म्हणूनच ओळखतं, त्यामुळं बोट वर करताना जरा बरं वाटलं, एवढंच. पण भाऊंचा निर्णय होऊन गेलाय, आणि पंचानं दिलेला निर्णय बदलता येत नाही.