धारवाले सेतूमामा

हातातलं काम ठेवा, हे आधी ऐका. मी ऑफिसच्या बसमध्ये बसून दोन्ही अंगठ्यांनी टाइप करतेय, आणि अंबत्तूर यायच्या आत हे कुणाला सांगितलं नाही ना, तर माझं पोट फुटेल.

आमच्या घरमालकांच्या डाव्या हातावर एकही केस नाही.

उजव्या हातावर आहेत. भरपूर! अगदी अस्वल. डावा मात्र मनगटापासून कोपरापर्यंत गुळगुळीत, तान्ह्या बाळासारखा. चेन्नईत अड्यारला त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला आले तेव्हा मला वाटलं, काहीतरी आजार असेल बिचाऱ्यांना, आपण टक लावून बघू नये. मग एका सकाळी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले, तर हे उन्हात स्टुलावर बसलेले. भाजीची सुरी हातावर आडवी धरली, हळूच सरकवली, पात्यावरचे केस फुंकर मारून उडवले आणि स्वतःशीच म्हणाले, "आहा! आता तक्काळीला विचारू."

तक्काळी म्हणजे टोमॅटो. तमिळ शब्द. हातावरचे केस म्हणजे खालचं कोर्ट, तक्काळी म्हणजे सुप्रीम कोर्ट. सुरी नुसती टोमॅटोवर टेकवायची, दाबायचं नाही, फक्त ओढायची. साल न कुरकुरता कापली गेली तर सुरी पास. नाहीतर परत गच्चीवर.

सेतुमाधवराव हे पूर्ण नाव. सगळी गल्ली सेतूमामा म्हणते. तंजावरचे मराठी. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या इकडचेच, पण घरात मराठी बोलतात. जुनं, गोड, तमिळ चालीचं. ऐकताना वाटतं, कुणीतरी बखर वाचतंय आणि मध्येच सांबार वाढतंय. विमा कंपनीतून रिटायर झालेत. मला नावाने कधीच हाक मारत नाहीत. मी साताऱ्याची, म्हणून मी "सातारा". "ए सातारा, तुमची गादी आमच्या गादीची चुलत की गे! ये, पण चपला बाहेर काढ."

खोली शोधत फिरत होते तेव्हा बाकीचे घरमालक विचारायचे, नॉनव्हेज खातेस का, मित्र येतात का. मामांनी विचारलं, "सुरी कोणती आहे?" मी बॅगेतून माझी हिरव्या मुठीची सुरी काढली. होस्टेलपासूनची. तिने मी पार्सलं उघडते, स्क्रूसुद्धा फिरवते. त्यांनी ती टोमॅटोवर टेकवली. ओढली. काही नाही. दाबली. टोमॅटो आधी बसला, मग फुटला, आणि बिया थेट मामांच्या चष्म्यावर.

"अय्यो सातारा," ते चष्मा पुसत म्हणाले, "ही सुरी नव्हे गे, हे मुसळ!"

आणि खोली दिली. माझी दया येऊन नाही. सुरीची दया येऊन.

पण मामा जन्मापासून असे नाहीत हं. मामी सांगतात, गेल्या वर्षापर्यंत यांना सुरीची मूठ कुठली आणि पातं कुठलं एवढंच ठाऊक होतं. धार लावायला साणैवाला यायचा. साणै म्हणजे आपली साण. सायकलवर चाक बांधून गल्लीत ओरडत फिरायचा, ठिणग्या उडवायचा, बाजूची पोरं गोळा व्हायची. मामींना तो फार आवडायचा. मामांना मात्र एक दिवस दिसलं की सुरी दरवेळी थोडी सडपातळ होऊन घरी येते. "तो धार लावत नाही, सुरी जेवतो!" झालं. तिथून पुढे धार लावायचं खातं मामांनी स्वतःकडे घेतलं.

मग काय विचारता, निवड सुरू! लोक जावई इतका पारखून घेत नाहीत. पहिलं आलं ते खाचेतून सुरी ओढायचं छोटं यंत्र. दोनदा ओढलं की झालं, असं खोक्यावर लिहिलेलं. सुरी खरंच कापायला लागली, पण आठवडाभरात परत बोथट, आणि धार बघितली तर करवतीसारखी. परत पाठवलं. मग विजेवर चालणारं. त्याचा आवाज असा की समोरचे डॉक्टर गॅलरीत येऊन विचारायला लागले, "सेतू सार, बोअरवेल मारताय का?" तेही गेलं. मग नुसता दगड. पाण्यात भिजवायचा, त्यावर सुरी तिरकी धरून घासायची. मामा म्हणाले, खरी विद्या हीच. पण दर फेरीला हात थोडा हलायचा, कोन बदलायचा आणि धार गोल व्हायची. गच्चीवरून उतरताना चेहरा असा, जणू सचिन शून्यावर आऊट झालाय.

शेवटी आला तो सांगाडा. एका टोकाला सुरी पकडीत घट्ट बसवायची, दुसरीकडे दांडा, दांड्यावर दगडाची पट्टी. दांडा वरखाली करून कोन बांधायचा. मग हात कितीही हलो, दगड त्याच कोनात घासतो. मामांचा आनंद काय सांगू! भाजीच्या सुरीला कमी कोन, नारळ-भोपळ्याच्या जाड सुरीला जास्त. आधी धारेवर काळ्या मार्करने रंगवायचं, दगड दोनदा फिरवायचा आणि बघायचं: अगदी कडेपर्यंत रंग निघाला तर कोन बरोबर, कडेला राहिला तर चूक. मग एका बाजूने घासत राहायचं, उलट्या बाजूला बारीक वळलेली कड बोटाला खरखरीत लागेपर्यंत. मग दुसरी बाजू. शेवटी चामड्यावर पुसायचं. त्यासाठी ऑफिसचा जुना पट्टा खिडकीला बांधलाय. "इतकी वर्षं याने नुसतं पोट धरलं. आता तरी कामाला लागू दे!"

एक घोटाळा मात्र झाला. पट्ट्या भिजवायला मामांनी स्वयंपाकघरातलं पातेलं घेतलं आणि ओट्यावरच ठेवलं. शेजारी मामींची चिंच भिजत होती. दगडाचं पाणी तपकिरी, चिंचेचं पाणी तपकिरी. मामी आंघोळीला गेल्या होत्या, म्हणून मामांनी मदत म्हणून रसमला फोडणी दिली आणि भिजलेलं पाणी ओतलं. कुठलं, ते तुम्हाला कळलंच. मी पहिला घोट घेतला आणि दातांखाली समुद्रकिनारा!

"कसं जाहलं?" मामांनी विचारलं.

"मामा, दाताला धार आली," मी म्हटलं.

मामी इतक्या हसल्या की भिंतीला टेकून खाली बसल्या. तेव्हापासून धारेचं सगळं सामान गच्चीवर, आणि मामांना ओट्यापाशी यायची परवानगी फक्त कॉफीपुरती.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगते. मामींना संधिवात. गेल्या वर्षापासून उजव्या हाताची बोटं सुजतात, नीट वळत नाहीत. आणि मामी म्हणजे चिरण्यातल्या राणी! त्यांचे बीन्स इतके बारीक की पानात वाढले तर हिरवी रांगोळी वाटावी. बंगळुरूहून त्यांची मुलगी, पद्माक्का, रोज फोन करायची. अम्मा, चिरलेली भाजी ऑनलाइन मागव. अम्मा, स्वयंपाकाला बाई ठेव. शेवटी गेल्या आठवड्यात म्हणाली, रविवारी मी येतेय, स्वतः बघणार. हात चालत नसेल तर घर बंद करा आणि माझ्याकडे चला, दोघंही.

मामा म्हणाले, "बोथट सुरीला जोर लागतो. तिखट सुरीला लागत नाही. जोर मी सुरीत घालतो. बस्स!"

म्हणजे बघा, रविवारी नुसती सुरी पास होणार नव्हती. स्वयंपाकघर कुणाचं राहणार, ते ठरणार होतं. शनिवारभर गच्चीवरून घासण्याचा आवाज. मी दोनदा चहा नेऊन दिला, मामांनी दोनदा तो गार करून प्यायला.

रविवारी पद्माक्का आली. बॅग ठेवली आणि थेट स्वयंपाकघरात. मामी पाटावर बसल्या, पुढे बीन्स, गाजर, लाल भोपळ्याची फोड. मामांनी सुरी आणून ठेवली. पद्माक्काने ती उचलली, सहज टोमॅटोवर टेकवली, आणि टोमॅटोचे दोन भाग होऊन पडले. तिलाच कळलं नाही कधी कापला.

"अप्पा, आर यू मॅड? इतकी शार्प! तिच्या हातातून सुटली तर?"

"बोथट सुरी घसरते गे, तिखट घसरत नाही," मामा म्हणाले.

"ते तुमच्या हातात! तुमची बोटं धडधाकट आहेत, अप्पा. तिला किती जोर लावता येतो हे तुम्हाला काय माहीत?"

मला वाटलं, आता मामा चिडणार. कोन सांगणार, मार्कर आणणार, तक्काळीला साक्षीला बोलावणार. काही नाही. त्यांनी शर्टाच्या खिशातून आइसक्रीमच्या काड्या काढल्या आणि जुन्या वेष्टीची, म्हणजे धोतराची, फाडलेली पट्टी. आपल्याच उजव्या हाताच्या बोटांना एकेक काडी लावली आणि दातांनी पट्टी ओढून घट्ट गुंडाळली. बोटं लाकडासारखी ताठ. मग त्या हाताने, मामी धरतात तशी, अंगठा आणि तळव्यातच सुरी धरली आणि बीन्स चिरायला लागले. हळूहळू. भोपळासुद्धा. सुरी जात होती. नुसती जात होती.

"वर्ष जाहलं," ते वर न बघता म्हणाले. "रोज असंच बांधून बघतो. तिची बोटं वळत नाहीत. माझी वळली तर परीक्षा कसली?"

पद्माक्का दारालाच टेकून उभी राहिली. मी तर सांगतच नाही माझं काय झालं. दिवसभर मी लॅबमध्ये गाड्यांचे ब्रेक तपासते हो, पण शप्पथ, अशी टेस्ट मी आजवर पाहिली नाही. आणि हा माणूस माझा घरमालक आहे, हे मी आता दिसेल त्याला सांगत सुटणार आहे!

मामींनाही हे ठाऊक नव्हतं. त्यांनी पदराने नाक पुसलं आणि हात पुढे केला. मामा सुरी द्यायला गेले तर म्हणाल्या, "हातात नको, खाली ठेवा. हातोहात दिली की भांडण होतं." मामांनी ठेवली. मामींनी उचलली, एक बीन्स घेतला, आणि मामांनी चिरलेल्या ढिगाकडे बघून म्हणाल्या, "इतकं जाड? हे काय गुरांना घालायचं की काय?"

आणि चिरायला लागल्या. बारीक, अगदी रांगोळीसारखं.

पद्माक्का खाली बसून गाजरं सोलायला लागली. बंगळुरूचं नाव कुणी काढलं नाही. जेवताना तिने एवढंच विचारलं, "अप्पा, माझ्या सुऱ्या पुढच्या वेळी आणू का?"

तुमच्या घरी आहे का हो असं कुणी? तुमच्या दुखण्याचा अंदाज यावा म्हणून ज्याने गुपचूप स्वतःचा हात बांधून बघितला, आणि तुम्हाला पत्ताच नव्हता? झालंय का असं तुमच्या बाबतीत?