शकुनाची साखर

"लालासाहेब, आज तरी उपाशी आलात ना?" मुजावर डॉक्टरांनी उकळत्या पाण्यातून सुई काढत विचारलं. टेबलावर त्यांचा बिनसाखरेचा चहा निवत होता.

लालासाहेबांनी मान खाली घातली. बसऱ्याच्या लढाईतून परतलेले पेन्शनर हवालदार ते, पण खोटं बोलणं त्यांना कधी जमलं नाही.

"न्हाई जी. काल कारभारनीनं दही-साखर दिली. आज तिला न्हाई म्हनलो, तर येशीत चुलती वाटी घिऊन हुबी! म्हातारं मानूस, मोडवंना."

डॉक्टरांनी सुई परत पाण्यात टाकली. "अहो, तुमच्या साखरेच्या आजारात मूत्रपिंडं निकामी होतात. पायाची सूज त्यातली आहे का, हे रक्तच सांगेल. उद्या घरात कुणाला न सांगता या."

लालासाहेब इस्लामपुराहून पाय ओढत गावाकडं निघाले. वडील असेच पाय सुजून गेले होते. ती भीती रोज दवाखान्यात न्यायची आणि तशीच घरी परत आणायची, याचा त्यांना अगदी वीट आला होता.

घरी कारभारीण रंगूबाई गप्प बसणाऱ्या नव्हत्या. आता दुसरी मोठी लढाई चालू असल्यानं साखर रेशनवर होती, चहासुद्धा गुळाचा. शकुनापुरती साखर मात्र त्यांनी डब्याच्या तळाशी राखली होती.

"बसऱ्याला निगालासा तवा दही-साखर दिली, म्हनून परत आलासा. आन् आता मोकळ्या हातानं धाडू व्हय?"

"अगं, साखर पोटात गेली की रगत खोटं बोलतंय!"

सांजच्याला बाजाराचं निमित्त करून रंगूबाई शेजारच्या गाडीतून इस्लामपुराला जाऊन आल्या.

सकाळी लालासाहेब गोठ्यातून चोरासारखे सटकले. डॉक्टरांनी नेहमीचा प्रश्न न विचारताच रक्त काढलं आणि बाटली मोटारीनं मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात तपासायला धाडली. घरी भांडण होईल म्हणून लालासाहेब भीत भीत आले, तर रंगूबाईंनी मुकाट्यानं भाकरी वाढली. त्यांना जास्तच धास्ती वाटली.

अखेर निकाल आला. "मूत्रपिंडं शाबूत आहेत. सूज पायातल्या शिरांची. पथ्य मात्र सोडू नका," डॉक्टर म्हणाले. लालासाहेबांना रडूच फुटलं. "आणि उद्या दवाखाना बंद. मीच मिरजेला चाललोय, माझं रक्त द्यायला."

घरी येऊन लालासाहेब ऐटीत म्हणाले, "बग, बिनशकुनाचं बी ब्येस झालं!"

"बिनशकुनाचं कुटलं? सुई टोचनार डाक्टर. आदल्या सांजला जाऊन दही-साखर त्येंच्याच हातावर ठिवली."

"आन् त्येनी खाल्ली?"

"आदी म्हनले, मावशी, मलाबी साखरंचा आजार हाय, चालत न्हाई. म्या म्हनलं, माज्या कुकवासाठी खावा. मग खाल्ली बिचाऱ्यांनी."

लालासाहेबांनी कपाळावर हात मारला. "आगं, उद्या त्येच निगाल्यात मिरजंला, सोताचं रगत द्यायला!"

"अगंबाई, एवढ्या लांब?" असं म्हणत रंगूबाई लगबगीनं उठल्या आणि साखरेचा डबा शोधू लागल्या.