‘हाय’ म्हटलं की नमस्कार

अनुजाच्या मांडीवर बाळ नुकतंच झोपलं होतं. आईचा आवाज कानावर पडला की ते दूध मागत उठणार, हे अख्ख्या घराला ठाऊक. म्हणून जन्मदाखल्यावर नाव चढवायचं काम सासूबाईंकडं, अंबूबाईंकडं आलं.

सोय नवीच होती. रांग नाही, खेटे नाहीत; मोबाइलवर ‘हाय’ म्हणायचं आणि यंत्र विचारेल त्याची तोंडी उत्तरं द्यायची.

“मी बोलतो, तू गप बस,” अंबूबाई म्हणाल्या.

अनुजाला लेकीचं नाव सई हवं होतं, अंबूबाईंना यमुना. बारशात पाळण्याच्या दोन बाजूंनी दोन नावं घेतली गेली होती. आता दाखल्यावर चढेल ते खरं.

“नमस्कार! बाळाचा जन्म शहरात झालेला आहे का?” फोनमधली बाई मंजुळ बोलली.

“हाय.”

“नमस्कार! बाळाचा जन्म शहरात झालेला आहे का?”

“हाय की!”

“नमस्कार! बाळाचा…”

“अगं, किती येळा नमस्कार घालशील? सून हायेस व्हय माझी?”

“नमस्कार!”

“आत्ती,” अनुजा ओठातल्या ओठात म्हणाली, “‘आहे’ म्हणा.”

अंबूबाईंनी पदर सारखा केला, घसा खाकरला आणि मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांशी बोलावं तसं म्हणाल्या, “आहे.”

गाडी एकदाची पुढं सरकली. “बाळाचे नाव सांगा.”

अंबूबाईंनी सुनेकडं पाहिलं. सून झोपलेल्या लेकीच्या मुठीत अडकलेलं आपलं बोट बघत बसली होती.

“सई म्हणत्यात,” अंबूबाई नाइलाजानं म्हणाल्या. “मला काय पटल्यालं न्हाय.”

“सही शेवटी घेतली जाईल. बाळाचे नाव सांगा.”

“सही न्हवं बाई, सई!”

“हे नाव समजले नाही. कृपया दुसरे नाव सांगा.”

यमुनेला आता वाट मोकळी होती.

“दुसरं?” अंबूबाई उसळल्या. “दुसरं का म्हणून? आमच्या नातीचं नाव तू ठरिवनार? सईच ऱ्हानार! काय वंगाळ हाय त्यात?”

फोनमधली बाई बहुधा घाबरली. नमस्कारसुद्धा न घालता तिनं फोन खऱ्या माणसाकडं दिला.

“बोला मावशी, मी क्रांती. गारगोटीची हाय. नाव काय पोरीचं?”

“सई.”

“लई ग्वाड! कुणी ठेवलं वो?”

बाळ एव्हाना टक्क जागं होऊन आजीच्या तोंडाकडं बघत होतं.

“कुणी म्हंजे? मीच की!” अंबूबाई म्हणाल्या. “हिच्या आईला कुठलं सुचतंय?”