आपला नेहमीचा चहा

माणसाने सकाळी मिळेल तो चहा प्यावा आणि गप्प बसावं. मी इतकी वर्षं हेच करत आलो. पण त्या दिवशी कुठून दुर्बुद्धी सुचली कोण जाणे. पहिला घोट घेतला आणि वाटलं, आज खरं काय ते बोलून टाकावं.

"अगं," मी अंथरुणातूनच म्हणालो, "आज चहाचं काहीतरी बिनसलंय. हा आपला नेहमीचा चहा नाही."

बायको खिडकीचा पडदा सरकवत होती. तिचा हात तिथेच थांबला. बाहेरच्या खोलीतून वर्तमानपत्राची घडी घातल्याचा आवाज आला. वर्तमानपत्राची घडी रागानेही घालता येते, हे मला त्या दिवशी प्रथम कळलं.

बाहेर सासरे बसले होते. आदल्याच संध्याकाळी ते राहायला आले होते. आयुष्यभर एका बँकेच्या तिजोरीच्या किल्ल्या सांभाळून निवृत्त झालेला माणूस. तिजोरी गेली तरी कुलपाची सवय गेली नाही. येताना त्यांनी लेकीसाठी उंची चहाचा एक डबा आणला होता आणि त्या डब्यालाही कुलूप होतं. हा चहा म्हणे कुठल्याशा डोंगराच्या एकाच उतारावर होतो, पलीकडच्या उतारावर होत नाही. सकाळी त्यांनी स्वतः कुलूप काढलं, मुलीला चमचाभर पत्ती दिली, कुलूप लावलं आणि ते ओढून पाहिलं. हे सगळं मी झोपेत असताना झालं. (माझ्या आयुष्यातल्या बहुतेक महत्त्वाच्या घटना मी झोपेत असताना झाल्या आहेत.)

सासरे दारात येऊन उभे राहिले. "काय बिनसलंय म्हणता, जावईबापू?"

इथे शहाण्या माणसाने 'माझं तोंडच कडू झालंय' असं म्हणून पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं असतं. मी उठून बसलो.

"राग मानू नका बाबा, पण माझी जीभ फसत नाही. हिच्या हातच्या चहाची सर याला नाही."

"अहो, हातही माझाच आहे," बायको म्हणाली. "पत्ती तेवढी बाबांची."

"ते मला सांगू नकोस. डोळे बांधून हजार कप समोर ठेव. त्यातला आपला नेहमीचा चहा मी एका घोटात ओळखून दाखवतो."

"हजार कप विसळणार कोण? चार ठेवते."

"चार तर चार!"

बायकोने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं, की त्याच वेळी माघार घ्यायला हवी होती. पण सासऱ्यांसमोर माघार घेण्यासाठी जो मोठेपणा लागतो तो माझ्याकडे अंघोळीच्या आधी नसतो.

"ठीक आहे," ती म्हणाली. "ओळखलात तर जन्मभर तुम्हाला अंथरुणात चहा आणून देईन. तोंडातून चकार शब्द काढणार नाही. नाही ओळखलात, तर दुसऱ्या दिवसापासून तुम्ही आधी उठायचं आणि मला अंथरुणात चहा आणून द्यायचा. जन्मभर."

"आणि माझ्या डब्याची माफी मागायची," सासरे म्हणाले.

"निकाल लागेपर्यंत अंथरुणातला चहा बंद," बायकोने जाता जाता सांगितलं आणि माझ्या हातातला कप घेऊन गेली. मी एकच घोट घेतला होता.

ती गेल्यावर मला घाम फुटला. अंथरुणातला तो एक कप म्हणजे माझ्या आयुष्याचा आधार आहे. त्याच्या जोरावर मी अंघोळीपर्यंत जातो आणि तिथून कचेरीत. (मी आवक-जावक विभागात वरिष्ठ कारकून आहे. येणाऱ्या पत्रावर एक शिक्का मारतो, जाणाऱ्यावर दुसरा. कधी कधी घाईत एकाच पत्रावर दोन्ही बसतात आणि मग ते पत्र कुठेच जात नाही.) चहा करण्याबद्दल म्हणाल, तर बायको एकदा माहेरी गेली असताना मी तो प्रयत्न केला होता. त्यानंतर आमच्याकडे नवीन पातेलं आलं आणि ओट्यामागच्या भिंतीला रंग द्यावा लागला. साखर कुठल्या डब्यात असते हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

तेव्हा तयारीला लागणं भाग होतं. चहाची पारख करणारे लोक चहा पीत नाहीत, मोठ्याने भुरका मारून तो तोंडभर खेळवतात आणि थुंकून टाकतात, असं मी कुठेतरी वाचलं होतं. सराव मी कचेरीत सुरू केला, साध्या पाण्यावर. पहिलाच भुरका असा काही निघाला की समोरच्या टायपिस्टबाई खुर्चीसकट मागे सरकल्या. साहेब केबिनमधून धावत बाहेर आले.

"कोणाला दम लागलाय?"

हेडक्लार्कने माझ्याकडे बोट दाखवलं. माझ्या तोंडात पाणी होतं, त्यामुळे खुलासा करता येईना. थुंकायला भांडं नव्हतं. मी नुसते गाल फुगवून डोळे मोठे केले. साहेब घाबरले. "बोलू नका, बोलू नका," असं म्हणत त्यांनी माझी पाठ चोळली आणि मला रिक्षात घालून घरी पाठवलं.

"इतक्या लवकर?" बायकोने दार उघडून विचारलं.

"सरावासाठी सुटी मिळाली," मी सांगितलं.

सामन्याला पंच हवा, असं सासऱ्यांचं म्हणणं पडलं. ("घरातल्या घरात निकाल लागला की घोटाळा होतो, बँकेतही हेच होतं.") आमच्या वरच्या मजल्यावर फुटबॉलचे एक निवृत्त रेफरी राहतात. त्यांच्या गळ्यात अजून शिट्टी असते आणि जिन्यात कोणी धावलं तर ते ती वाजवतात. गेल्या कित्येक वर्षांत त्यांना कोणी खेळाला बोलावलं नव्हतं. सासऱ्यांनी विचारताच त्यांचे डोळे पाणावले. "मी माझा स्वतःचा चहाही आणतो," ते म्हणाले. अशा रीतीने दोन कप ठरले. एक सासऱ्यांचा, एक रेफरींचा. उरलेले दोन बायको ठरवणार होती.

शनिवारी संध्याकाळी सगळे चहाला बसलो. मी सवयीप्रमाणे, "माझ्यासाठी दुसरा कप ठेव गं," असं म्हणालो आणि सवयीप्रमाणेच खुर्चीत डोळा लागून तो विसरलो. मध्येच जाग आली तेव्हा सासरे पातेल्याकडे हात नेत होते.

"बाबा, त्याला हात लावू नका," बायको म्हणाली. "तो उद्याला लागणार आहे."

मी पुन्हा झोपलो.

रविवारी सकाळी मला खुर्चीत बसवून बायकोने माझ्या डोळ्यांवर तिचा स्कार्फ बांधला. सासरे थुंकण्यासाठी बादली धरून शेजारी उभे राहिले. रेफरींनी नियम सांगितले: कपाला हात लावायचा नाही, हुंगण्याला मुदत नाही, पंचाशी वाद घालायचा नाही. मग अशी शिट्टी वाजली की माझ्या कानाला दडे बसले.

पहिला चमचा तोंडापाशी आला. मी भुरका मारला. सरावात पाणी थंड होतं, चहा गरम असतो ही गोष्ट माझ्या हिशोबात आली नव्हती. अर्धा चहा नाकात गेला. उरलेला मी बादलीच्या दिशेने जोरात थुंकलो.

"माझे कॅनव्हासचे बूट!" सासरे ओरडले.

शिट्टी वाजली. मला पिवळं कार्ड दाखवण्यात आलं. डोळे बांधलेले असल्यामुळे मला ते दिसेना, तेव्हा रेफरींनी ते माझ्या हातात देऊन चाचपायला लावलं.

"मत?" त्यांनी विचारलं.

"पालापाचोळा," मी म्हणालो. "कोणीतरी कुंपण छाटून उकळलंय."

मग रेफरी दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "तब्येतीला चांगला असतो तो." मी मनात म्हटलं, एक ओळखला.

पुढचा चमचा आला. मी तो जिभेवर खेळवला, गालात फिरवला. "हा मात्र खानदानी दिसतो. अत्यंत सौम्य. बुजरी पत्ती आहे, पण तिच्यात मोठी खोल समजूत आहे."

"अहो, ते चूळ भरायला दिलेलं कोमट पाणी आहे," बायको म्हणाली.

इथे माझा धीर थोडा खचला. जन्मभर पहाटे उठून पातेली घासत असलेला मी मला दिसू लागलो. पण तिसऱ्या खेपेला नशिबाने हात दिला. चमचा तोंडाशी येताच ओळखीचा वास आला. "याला कुलपाचा वास येतोय!" मी ओरडलो. "बाबा, हा तुमचा!"

"कुलूप पितळेचं आहे, त्याला वास नसतो," सासरे गुरगुरले. पण चहा त्यांचाच होता. आता उरले दोन, आणि त्यातला एक माझा. मी खुर्चीत सावरून बसलो.

पुढच्या चमच्याचा घोट घेतला आणि मी तोंड वाकडं केलं. आता माझ्या अंगात पारखी संचारला होता. "छे छे! हा कोणी केला? नुसता भडक. अंगात ना जोर, ना जिव्हाळा. हा करणाऱ्याचं मन चहात नव्हतंच. माझ्या शत्रूच्या बायकोलाही मी असा चहा करू देणार नाही."

बायकोच्या हातातला चमचा कपात जरा जोरात पडला.

मग शेवटचा चमचा आला. काय सांगू! जिभेला लागताच अंगातून शिरशिरी गेली. तोच तो दाट, मुरलेला, थोडासा कडवट, सकाळी मला माणसात आणणारा चहा. थुंकण्याचा प्रश्नच नव्हता. मी चमचा सोडून कपच धरला आणि तळापर्यंत प्यायलो. (दुसरं पिवळं कार्ड मिळालं. तेही चाचपलं.)

"हाच!" मी गहिवरून म्हणालो. "हाच आपला नेहमीचा चहा. काय ही चव! असा चहा फुरसतीने, जीव ओतूनच होतो. बाबा, तुमच्या मुलीच्या हाताला तोड नाही."

"तुमचा निर्णय पक्का?" रेफरींनी विचारलं.

"पक्का! मरेपर्यंत मला हाच चहा हवा."

"बाई, बरोबर आहे का?"

"बरोबर आहे," बायको शांतपणे म्हणाली. "हे जिंकले."

लांबलचक शिट्टी झाली. मी स्कार्फ ओढून काढला आणि विजयी मुद्रेने सासऱ्यांकडे पाहिलं. ते रिकाम्या कपात नाक घालून तळ हुंगत होते.

"पोरी, पत्ती कुठली ही?"

"घरातलीच आहे बाबा, साधी. कालच्या संध्याकाळची."

"म्हणजे?"

"म्हणजे हे रोज संध्याकाळी दुसरा कप ठेवायला सांगतात आणि झोपतात. तो तसाच उरतो. टाकवत नाही. सकाळी गरम करून यांनाच देते. माझ्यासाठी ताजा करते."

मी खुर्ची घट्ट धरली. "रोज?"

"लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यापासून. तेव्हा एकदा चुकून शिळा गरम करून दिला होता. मला इतकी भीती वाटत होती! आणि तुम्ही म्हणालात, 'वा, असा चहा जन्मात प्यायलो नाही.' मग म्हटलं, माणूस खूश आहे, तर कशाला बदलायचं?"

"आणि त्या दिवशीचा?"

"आदल्या संध्याकाळी तुमचा दुसरा कप बाबांनी पिऊन टाकला. उरला नव्हता, म्हणून ताजा केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ताजा दिला, तर म्हणे काहीतरी बिनसलंय."

"मग तो आधीचा... तो भडक?" मी क्षीण आवाजात विचारलं.

"तो मी आत्ताच केलेला. फुरसतीने. जीव ओतून." तिने पुन्हा चमचा कपात टाकला.

सासऱ्यांच्या डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागला, पण पडला तेव्हा ते खुर्चीत बसून इतके हसले की बादली कलंडली. "म्हणजे माझा चहा फक्त ताजा होता म्हणून नापास झाला!" त्यांनी गळ्यातली किल्ली चाचपली आणि मी माफी न मागताच मला माफ करून टाकलं.

मी बायकोजवळ गेलो. "अगं, झालं गेलं ते सोड. मी जिंकलोय ना? मग उद्यापासून मला तो ताजा..."

"मुळीच नाही. 'मरेपर्यंत हाच हवा' म्हणालात ना सगळ्यांसमोर?"

मी आशेने रेफरींकडे पाहिलं. त्यांनी खिशातून लाल कार्ड काढलं. पंचाशी वाद घालायचा नाही, हा नियम माझ्या लक्षात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको हसतमुखाने कप घेऊन आली. चकार शब्द काढला नाही. मी डोळे मिटून प्यायलो. चहा उत्तम होता, आणि तेच माझ्या मनाला फार लागलं. मला ताजा आणि शिळा कळत नाही असं नव्हे, मला तो नेमका उलटा कळतो, हे आता घरात, वरच्या मजल्यावर आणि सासऱ्यांमुळे आणखी कुठेकुठे पोहोचलं होतं.

म्हणून मी ठरवलं की हे वळण मोडायचं. त्याच्या पुढच्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी उठलो. होय, मी. चोरपावलांनी स्वयंपाकघरात गेलो, हळदीच्या आणि मिठाच्या डब्यातून वाट काढत साखर शोधली, सासऱ्यांनी रात्री उशाखाली ठेवलेली किल्ली हळूच काढून कुलूप उघडलं आणि उंची पत्तीचा, ताज्या दुधाचा, नवाकोरा चहा केला. पातेलं शाबूत राहिलं. कपात ओतला, वाफ घेतली आणि पहिला घोट घेतला.

भडक. अंगात ना जोर, ना जिव्हाळा.

मी इकडेतिकडे पाहिलं. कोणी उठलं नव्हतं. मुकाट्याने त्या कपावर बशी झाकली आणि ओट्याच्या कोपऱ्यात मागे सरकवून ठेवला. उद्या सकाळपर्यंत मुरेल.