अर्ध्या तासाची योगनिद्रा

"शनिवारी दुपारी फक्त अर्धा तास तुमचे रेसिडेंट माझ्या ताब्यात द्या, पुढचं मी बघते," असं डॉ. सत्यशीला बेलवलकरांनी भर स्टाफरूममध्ये सांगून टाकलं. पुण्यात कुणी इतक्या खात्रीनं बोललं की ऐकणारे चहाचा कप घेऊन खुर्ची जरा पुढे ओढतात. काहीतरी बघण्यासारखं घडणार, हे त्यांना ठाऊक असतं.

बाई मूळच्या फिजिऑलॉजीच्या, पण कॉलेजचा वैद्यकीय शिक्षण विभागही त्यांच्याकडेच. डॉक्टर घडतात कसे आणि घडता घडता मोडतात कुठे, यावर त्यांचं संशोधन. त्यांचं म्हणणं साधं होतं. एमबीबीएस होऊन पुढचं शिकायला आलेली ही पोरं रात्रंदिवस वॉर्डात राबतात. त्यांना दुपारी अर्धा तास पाठ टेकू द्या. चुका कमी होतील, चिडचिड कमी होईल, शिकलेलं डोक्यात राहील. त्यासाठी हवी होती एक खोली. वॉर्डाशेजारी मोडक्या खुर्च्यांनी भरलेली एक खोली होतीही, पण तिची किल्ली डॉ. रणजित पासलकरांकडे होती.

पासलकर सर म्हणजे सर्जरीचे प्रमुख आणि रुग्णालयाचे अधीक्षक. हात सोन्याचा, जीभ कारल्याची. झोप ही गरज नसून वाईट सवय आहे असं त्यांचं ठाम मत, आणि "आमच्या वेळी आम्ही" हे त्यांच्या प्रत्येक वाक्याचं मंगलाचरण. बाईंनी त्यांना देशोदेशीचे निबंध दाखवले, आलेख दाखवले. सरांनी चष्मासुद्धा लावला नाही.

"कागद नकोत. डोळ्यांनी फरक दिसला तर त्या खुर्च्या मी स्वतः उचलीन. नाही दिसला, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. मंजूर?"

मंजूर! बाईंच्या कित्येक वर्षांच्या कामाचं भवितव्य असं एका शनिवारच्या दुपारवर येऊन बसलं. तेवढा अर्धा तास वॉर्ड सांभाळायला सर तीन प्राध्यापकांना घेऊन स्वतः उभे राहिले. अर्धा तास काय, चुटकीसरशी जातो, असं ते म्हणालेही.

शनिवारी सभागृहात सतरंज्या अंथरल्या गेल्या, पडदे ओढले गेले, एसी चालू झाला. दाराशी बाईंनी एक निळी बादली ठेवली. फोन त्यात टाकायचे आणि मगच आत यायचं. पोरं आली, पण तोंडावर संशय घेऊन. त्यांचाही काही दोष नव्हता. याआधी ताणमुक्तीचं व्याख्यान त्यांना रविवारी सकाळी, सक्तीनं, हजेरी घेऊन ऐकवलं गेलं होतं. शर्टावर औषधाचा पिवळा डाग घेऊन आलेल्या सर्जरीच्या शुभंकरनं दारातच विचारलं, "मॅडम, यावर परीक्षा आहे का?" मेडिसिनची नम्रता केसांत खोचलेलं पेन विसरून सगळीकडे पेन शोधत होती. नाही, परीक्षा नाही, योगनिद्रा आहे, नुसतं पडायचं, असं बाईंनी सांगितलं. पडायचं म्हटल्यावर मात्र कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही.

बाईंनी माइक हातात घेतला आणि कमावलेल्या मऊ आवाजात सुरुवात केली. "डोळे मिटा. श्वासाकडे लक्ष द्या. आता डावा पाय शिथिल सोडा..."

उजव्या पायापर्यंत कुणी पोचलंच नाही.

अख्खं सभागृह झोपलं होतं. कुणाचं तोंड उघडं, कुणाचे हात जोडलेले, कुणी शेजाऱ्याच्या पोटावर डोकं ठेवून, तर एक जण भिंतीला टेकून उभ्या उभ्याच. बाईंनी इतकी वर्षं झोपेचे आलेख काढले होते, पण अशी झोप त्यांनी बापजन्मात पाहिली नव्हती. देवळाच्या गाभाऱ्यात उभं राहावं तशा त्या माइक धरून उभ्या राहिल्या. डोळ्यांत पाणी आलं. काय थकली आहेत ही लेकरं, असं त्यांना वाटलं, आणि लगोलग असंही वाटलं की पासलकर आता हरले.

अर्धा तास झाला. बाईंनी हळूच घंटी वाजवली. काही नाही. मग माइकवरून "उठा" म्हणाल्या. मग ओरडल्या. कॅन्टीनमधून चहाची किटली मागवून प्रत्येकाच्या नाकाखालून फिरवली. शुभंकरला गदागदा हलवलं, तर तो डोळे न उघडता म्हणाला, "हो सर, सॅम्पल पाठवलं," आणि कुशीवर वळला. नम्रताला हलवायला गेल्या, तर तिनं झोपेतच बाईंचं मनगट धरलं, नाडी मोजली आणि सांगितलं, "नॉर्मल आहे. घरी जा." इकडे दाराशी बादली ठणाणा वाजत होती. सगळे फोन एकदम वाजले की बादलीसुद्धा थरथरते, हा शोध बाईंना त्या दिवशी लागला.

तिकडे वॉर्डात काय चाललं होतं ते वेगळंच. कात्रजकडच्या बजरंग आबांचं रक्त तपासायला पाठवायचं होतं. पासलकर सरांनी हजारो पोटं उघडली असतील, पण शीर शोधून रक्त काढून किती वर्षं झाली होती कुणास ठाऊक. एकदा टोचलं, दुसऱ्यांदा टोचलं. तिसऱ्यांदा सुई वर केली तशी आबांनी हात मागे घेतला.

"शिकाऊ हायसा का? असू द्या, येतंय हळूहळू. पण मोठ्या डाक्टरला बोलवा. त्या नम्रताबाईस्नी."

कसंबसं रक्त निघालं. न्यायला माणूस नव्हता, लिफ्ट बंद होती. सर स्वतः नळी घेऊन दुसऱ्या इमारतीतल्या प्रयोगशाळेत गेले. खिडकीतल्या गृहस्थानं मान वर न करता सांगितलं की लेबल नाही. आपण अधीक्षक आहोत असं सरांनी सांगितलं. "असाल. लेबल नाही," गृहस्थ म्हणाला. लेबल संगणकातून निघतं, संगणकाला पासवर्ड लागतो आणि पासवर्ड शुभंकरच्या डोक्यात, हे ज्ञान सरांना परत जिने चढल्यावर झालं. बाकीचे तीन प्राध्यापकही कुठल्या ना कुठल्या जिन्यात धापा टाकत होते. सरांनी सकाळी मधुमेहाची गोळी घेतली होती आणि अर्धाच तास तर आहे म्हणून जेवण मागे ठेवलं होतं. आता दोन तास होत आले होते.

सर सभागृहाच्या दारात आले तेव्हा घामानं डबडबलेले होते. समोर पसरलेली झोप बघून त्यांचा चेहरा लालबुंद झाला. बाईंनी माइक खाली ठेवला. संपलं. खोली गेली, संशोधन गेलं, वर हात दाखवून अवलक्षण.

"बेलवलकर बाई," सर म्हणाले, "आमच्या वेळी आम्ही..."

आणि धप्पकन खाली कोसळले.

माइकनं, घंटीनं, चहानं, बादलीतल्या साऱ्या फोननी जे झालं नव्हतं, ते त्या एका आवाजानं झालं. माणूस जमिनीवर पडल्याचा आवाज! अख्खं सभागृह एका क्षणात उठलं. डोळे पुरते उघडलेही नव्हते, पण हात जागे झाले होते. कुणी सरांचे पाय उचलून धरले, कुणी मान सरळ केली, कुणी बोटातून थेंब काढून खिशातल्या यंत्रावर साखर बघितली. "साखर घसरली आहे," असं एक जण म्हणेपर्यंत शुभंकर वॉर्डातून ट्रे घेऊन धावत परत आला होता. नम्रतानं अर्धवट झोपेत, पहिल्याच फटक्यात शीर पकडली आणि ग्लुकोज सोडलं. कुणी कुणाला हुकूम दिला नाही, कुणी कुणाला धक्का दिला नाही.

"आजोबा, घाबरू नका, आम्ही आहोत," ती विभागप्रमुखांना म्हणाली. मग बाईंकडे न बघताच, "नातेवाईक कोण? तुम्ही का? जरा बाहेर थांबा."

बाई निमूटपणे बाहेर जाऊन थांबल्या. दाराच्या फटीतून बघत राहिल्या. इतके आलेख काढले, इतके निबंध लिहिले, पण हे कुठल्याच आलेखात नव्हतं. यांना आपण 'शिकाऊ' म्हणतो, या विचारानं त्यांना लाज वाटली आणि अंगावर काटाही आला.

सरांनी डोळे उघडले. आपल्याभोवती वाकलेले ते सगळे चेहरे त्यांनी एकेक करून पाहिले. मग त्यांचं लक्ष हातातल्या सुईकडे गेलं. "एकदाच टोचलं?" त्यांनी हळूच विचारलं. नम्रता हो म्हणाली. मग बाईंना आत बोलावून सरांनी खिशातली किल्ली काढून दिली. "दिसला फरक," एवढंच म्हणाले.

त्यांना त्या दिवशी वॉर्डातच ठेवून घेतलं, आबांच्या शेजारच्या खाटेवर. आबांनी भेटायला आलेल्या सुनेला सांगितलं की शेजारचा पोरगा शिकाऊ आहे, पण कष्टाळू आहे.

सर शब्दाला जागले. खुर्च्या स्वतः उचलल्या, नव्या गाद्या आणल्या आणि फतवा काढला की रोज दुपारी अर्धा तास प्राध्यापक वॉर्ड बघतील आणि रेसिडेंट झोपतील. खोलीवर पाटी लागली: 'निवासी डॉक्टरांसाठी. येथे झोपावे. झोपेची कारणे सांगत बसू नये.' बाई धन्य झाल्या. पंधरवड्यानंतर एका दुपारी संशोधनाचा भाग म्हणून, आवाज न करता, त्यांनी दार लोटलं.

गाद्यांवर पांघरुणं डोक्यावर ओढून मंडळी गाढ झोपली होती. बाईंचा ऊर भरून आला. मग खाली रांगेत ठेवलेले बूट दिसले. चकचकीत पॉलिश केलेले, महागातले. एका पांघरुणातून "लेबल लावलंय हो" असं कण्हणं आलं. आवाज पासलकरांचा होता.

मागे नम्रता उभी होती. अर्धा तास वॉर्ड बघून सगळे सर इतके दमतात, तिनं कुजबुजत सांगितलं, की आधी त्यांना झोपवावं लागतं. "आम्ही चारला झोपतो, मॅडम. यांचं उठणं झालं की."

बाई संतापल्या. हे काही संशोधनात बसत नाही, आत्ता उठवते एकेकाला, असं त्या म्हणणार होत्या. पण गेले कित्येक दिवस त्याही रात्री जागून हाच निबंध लिहीत होत्या, आणि कोपऱ्यातली एक गादी रिकामी होती. नम्रतानं त्यांच्या हातातली पर्स अलगद काढून घेतली, पांघरूण पुढे केलं आणि त्यांच्याच कमावलेल्या मऊ आवाजात म्हणाली, "डोळे मिटा, मॅडम. डावा पाय शिथिल सोडा..."

उजव्या पायापर्यंत बाईही पोचल्या नाहीत.