मेल्पोच्या केसांची केस

फेरीबोटीवर एकतीस वर्षं तिकिटं तपासून निवृत्त झालेला पोलिख्रोनिस स्वतःविषयी सांगायला मुद्दाम उभा राहायचा. “नुसत्या खोकण्यावरून ओळखतो मी, कुणाकडे तिकीट नाही ते. अख्ख्या एव्हिया बेटावर अशी नजर दुसरी नाही.” खोकणं नजरेला कसं दिसतं, हे त्याची बायको एव्हान्थिया हिनं कधी विचारलं नाही. विचारलं की तो आणखी वेळ उभा राहायचा.

शनिवारी पाइनच्या बनात जेवणावळ झाली. दुसऱ्या दिवशी गावातल्या एका बाळाचा बाप्तिस्मा, आणि धर्ममाता होती पोलिख्रोनिसची भाची मेल्पो. सगळे जेवून उठले तेव्हा मेल्पोच्या कमरेपर्यंतच्या केसांत, मागच्या बाजूला, तळहाताएवढा चीक थापलेला. केस कापणाऱ्या स्तमातानं चिमटीत धरून बघितलं.

“निघायचा नाही. मानेपर्यंत कापावे लागतील.”

अकरा वर्षं वाढवलेले केस. मेल्पो नुसती डोळे पुसत राहिली.

“ही केस माझ्याकडे,” पोलिख्रोनिस म्हणाला.

“केस माझे आहेत, मामा.”

“तपासाला चिकाटी लागते, पोरी.”

“चीक तिच्या डोक्यात आहेच,” एव्हान्थिया म्हणाली, “काठी मी आणते.”

त्यानं केस हुंगले. “हा चीक झाफिरिसच्या झाडाचा.” झाफिरिस झाडांना खाचा पाडून चीक गोळा करायचा, आणि मेल्पोनं त्याला लग्नाला नाही म्हटलं होतं.

“बनातली सगळीच झाडं त्याच्याकडे आहेत,” एव्हान्थिया म्हणाली.

“बघ, केवढा गुन्ह्याचा आवाका.”

झाफिरिस दिवसभर शहरात दाताच्या डॉक्टरकडे होता. संध्याकाळी टम्म सुजलेला गाल घेऊन तो दारात उभा राहिला.

“वेषांतर,” पोलिख्रोनिसनं वहीत लिहिलं.

शेवटी एव्हान्थियानंच मेल्पोला विचारलं, “बाई गं, तू बसली होतीस कुठे?”

“झाडाला टेकून. मामा भाषण करत होते ना, डोळा लागला.”

“पीडिता गुन्हेगाराला पाठीशी घालतेय,” पोलिख्रोनिसनं लिहिलं, आणि दोनदा अधोरेखित केलं. मग पुरावा म्हणून केसांना पाणी लावायलाही बंदी केली.

“चीक सुटायला आम्ही हाताला रॉकेल लावतो,” झाफिरिस सुजलेल्या जबड्यातून कसाबसा म्हणाला.

“हातात मेणबत्ती, केसांत रॉकेल,” एव्हान्थिया म्हणाली. “बाप्तिस्मा बाळाचा आहे बाबा, हिची मयत नाही.”

रविवारी मेल्पो केसांवर सैल रुमाल बांधून चर्चमध्ये आली. विधी उरकला की कापायचे, असं ठरलं होतं. तिसऱ्या बाकावर स्तमाता पर्समध्ये कात्री घेऊन बसली होती, फार धीर धरून.

पाद्रीबाबांनी मेल्पोच्या ओंजळीत ऑलिव्हचं तेल ओतलं. रिवाजाप्रमाणे तिनं बाळाला टाळूपासून टाचेपर्यंत चोपडलं. बाळानं पाण्याचं घंगाळ पाहिलं. पुढचं सगळं त्याला एका क्षणात कळलं, पोलिख्रोनिसला जन्मात कळलं नसतं इतकं. त्यानं रुमाल ओढून काढला आणि धर्ममातेच्या मानेमागचे केस दोन्ही तेलकट मुठींत धरले. पाद्रीबाबा ओढतायत, बाळ सोडत नाही, मुठी नुसत्या कणीक मळल्यासारख्या चाललेल्या. अखेर ते सुटलं, बोंबलत तीनदा पाण्यात गेलं, आणि एव्हान्थियाला दिसलं की त्याच्या बोटांना चिकाचे गोळे लागलेत, आणि मेल्पोची एक बट स्वच्छ, झुळझुळीत.

एव्हान्थियाच्या स्वयंपाकघरात तेलाचे तीन डबे होते. तीस वर्षं ती तेलातच तळत, मळत, भिजवत आली होती. नवऱ्याला मूर्ख म्हणायची तिला इतकी सवय झाली होती की स्वतःकडे बघायला सवडच मिळाली नव्हती. तिनं विधीसाठी मेल्पोनंच आणलेल्या तेलाची बाटली तिथेच चर्चमध्ये उचलली, तिच्या मागे उभी राहिली आणि बोटांनी चोळू लागली. चीक लोण्यासारखा सुटत गेला.

“मामी, कापायचे का मग?” मेल्पोनं मान न वळवता विचारलं.

“काही नाही कापायचं. हलू नकोस.”

“माझा संशय पहिल्यापासून तेलावरच होता,” पोलिख्रोनिस मागून कुजबुजला.

“वही मिट,” एव्हान्थिया म्हणाली.

स्तमातानं पर्सची चेन लावली. इकडे पाद्रीबाबांनी रिवाजाची छोटी कात्री काढली आणि बाळाच्या टाळूवरचे तीन झुबके कापले. त्या दिवशी केस गेले ते एकट्याचेच, ज्यानं केस सोडवली त्याचे.